चाळीस कानांची एक किल्ली

मी एका कानातून बोलतेय. कान म्हणजे माणसाचा नव्हे, माणसाच्या कानात अडकवायचं वालाच्या दाण्याएवढं यंत्र. त्या यंत्रात एक चिप आहे आणि चिपच्या एका कोपऱ्यात मी राहते. मी एक लायब्ररी आहे. लगेच पुस्तकांची कपाटं आणि 'शांतता राखा'ची पाटी डोळ्यांसमोर आणू नका. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली आणि इतरांनी उचलून वापरायची जी कामं असतात, त्यांच्या गठ्ठ्याला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. कुणी लायब्ररी तारीख-वार सांगते, कुणी चित्रं काढते. मी कुलपं लावते.

एका ठिकाणी बोललेला शब्द मी कुलपात घालते, तो हवेतून जातो, आणि पलीकडे ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच उघडतो. मधल्या कुणी पकडला तर त्याच्या हाती नुसती खरखर लागते. गुपित राखणं हा माझा धर्म. त्या धर्माची एका पाच मजली इमारतीत तीन आठवडे कशी शोभा झाली, ते सांगायला मी बसले आहे.

मला कुणी एकाने लिहिलं नाही. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या बऱ्याच माणसांनी मला ओळ ओळ करून लिहिलं. ही माणसं भारी संशयी. त्यांच्या मते जगात दोनच जाती, चोर आणि अजून न पकडलेले चोर. माझ्या एका ओळीवरून त्यांच्यातले दोघे आठ महिने भांडले आणि शेवटी ती ओळ होती तशीच ठेवली. अशा घरात वाढल्यामुळे मीही थोडी नाकाने कांदे सोलणारी झाले, हे मान्य करते.

पण लिखाणाला जीव नसतो. कंपायलर नावाचा एक कारकून असतो, तो ते लिखाण चिपच्या भाषेत उतरवतो, तेव्हा कुठे मी हालचाल करू लागते. माझ्या बाबतीत हे झालं एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे सहा माणसांची एक कंपनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवते. मला घडवणारी बाई अडतीस वर्षांची. कंपनीत तिला ताई म्हणतात. तिचे वडील तिला अजून धाकटी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार.

माझ्या जन्माची गंमत अशी, की मी जन्मले तिथे मला श्वासच घेता येत नाही. मला घडवलं टेबलावरच्या मोठ्या संगणकाने आणि घडवलं कानातल्या चिमुकल्या चिपसाठी. दोघांच्या भाषा वेगळ्या. आईने स्वतःला न येणाऱ्या भाषेत मुलीला बोलायला शिकवायचं आणि ती बोलते की नाही हे बघायला परगावी पाठवायचं, असा हा मामला आहे. याला क्रॉस-कंपाइल करणं म्हणतात. यात चुका झाल्या नाहीत असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पहिल्या वेळी धाकटी 'ही कुणासाठी' हे सांगायलाच विसरली. कंपायलरने विचारलं नाही. त्याने मला आपल्यासारखीच घडवली, गुटगुटीत आणि मोठ्या संगणकाच्या भाषेत घडाघडा बोलणारी. मग मला लिंकरपुढे उभं केलं. लिंकर म्हणजे सगळे तुकडे एकत्र बांधून चिपसाठी एक गठडी करणारा. प्रामाणिक आहे, पण सगळा जन्म खिडकीमागे बसून अर्ज परत करण्यात गेल्यासारखा त्याचा स्वभाव. त्याने माझ्याकडे पाहिलं, "भाषा वेगळी आहे. वगळली," म्हणाला आणि पुढचा कागद ओढला.

दुसऱ्या वेळी भाषा जमली, पण अपूर्णांकांवरून अडलं. मी अपूर्णांक उजव्या खिशात ठेवणारी, बाकीचे तुकडे तो डाव्या खिशात शोधणारे. खरं म्हणजे कुलपाच्या कामात अपूर्णांक लागतच नाहीत. मी तसं सांगायचा प्रयत्नही केला. लिंकर म्हणाला, लागत नसले तरी खिसा जुळला पाहिजे.

तिसऱ्या वेळी सगळं जुळलं आणि मी रांगेत पहिली उभी राहिले. इथेच चुकलं. हा गृहस्थ रांग पुढून मागे एकदाच बघतो, मान म्हणून वळवत नाही. त्याने विचारलं, "हिची आतापर्यंत कुणाला गरज पडली आहे का?" माझ्याआधी कुणी नव्हतंच, तर गरज कुणाला पडणार? मला बाहेर काढलं. माझ्यामागे कानाचा मुख्य प्रोग्रॅम आला आणि म्हणाला, मला कुलूप लावणारी हवी.

"अशी कुणी नाही," लिंकर म्हणाला.

"आत्ता माझ्यापुढे उभी होती की."

"आत्ता नाही."

धाकटीने त्या दिवशी चार कप चहा घेतला. शेवटी तिने माझं नाव रांगेत पुढेही लिहिलं आणि शेवटीही लिहिलं. तेव्हापासून मी दोनदा उभी राहते आणि दुसऱ्यांदा माझी गरज पडते. त्यातही चिपमध्ये जागा कमी, म्हणून माझ्या घरातल्या एकशे सात जणांपैकी एकोणीसच लिंकरने उचलले. उरलेले अठ्ठ्याऐंशी अजून टायरवाल्याच्या माडीवर आहेत. त्यांची आठवण येते.

एवढं होऊनही एक जागा रिकामी राहिली, आणि सगळं रामायण त्या जागेपासून सुरू झालं.

किल्ली बनवायची तर मला एक आकडा लागतो. कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा, आणि दर यंत्राला वेगळा. मोठ्या संगणकाला असे आकडे कुठूनही मिळतात, बटणं दाबण्याच्या वेगातूनसुद्धा. कानातली चिप मात्र अगदी निर्विकार. कितीदाही उठवा, तीच मुद्रा. मी विचारलं, आकडा कोण देणार? लिंकरने सगळीकडे बघितलं आणि कळवलं, आकडा देणारा सापडत नाही, गठडी बांधता येत नाही.

धाकटीच्या खुर्चीमागे साहेब उभे होते. साहेब म्हणजे कंपनीचे प्रमुख. आपण उभं राहिल्याशिवाय काम लवकर होत नाही अशी त्यांची समजूत आहे.

"ताई, जोडलं का?"

"होतंय."

"सोमवारी चाळीस कान द्यायचेत. मी शब्द दिलाय."

धाकटीने आकडा देणारं एक पाच ओळींचं काम स्वतःच लिहून टाकलं. कुणीही, कधीही, कितीदाही विचारलं तरी ते एकच आकडा द्यायचं. आकडाही तिने शोधला नाही, बोटांना सवय होती तो टाकला. लहानपणी हरवलीस तर सांग म्हणून पाठ करून घेतलेला घरचा फोन नंबर होता तो. वर तिने लिहून ठेवलं, 'तात्पुरतं. सोमवारी बदलणे.' लिंकरचं समाधान झालं, गठडी बांधली गेली आणि साहेब बसले.

माणसांच्या जगात सगळ्यात टिकाऊ वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी 'तात्पुरतं' असं उत्तर देईन. त्या कचेरीतल्या एका टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी आहे, ती तात्पुरती, नऊ वर्षांची. दाराची कडी तारेने बांधली आहे, तीही तात्पुरती. खुद्द साहेब त्या खुर्चीवर तात्पुरते बसले होते, त्यालाही अकरा वर्षं झाली. सोमवार आला आणि गेला. आकडा काही बदलला नाही, कारण सगळं छान चालत होतं.

आणि चालणारच. प्रत्येक कानाबरोबर एक बटण देतात. ते बटण बोलणाऱ्यासमोर ठेवायचं, ते बोलणं पकडतं, मी कुलूप लावते, आणि कानात बसलेली माझीच दुसरी प्रत ते उघडते. कंपनीत तपासलं एका कानाने आणि एका बटणाने. एकाच घराला एकच किल्ली असेल तर ती शेजारच्या कुलपाला लागते की नाही, हे कसं कळणार? भर म्हणून, सुट्या भागांची जोडणी करणाऱ्या सोल्डरवाल्याने बटणाची अँटेना प्रेमाने जरा जास्तच चांगली केली होती. आवाज एका खोलीपुरता जायचा तो पाच मजले जाऊ लागला.

चाळीसही कान एकाच इमारतीत गेले. ती इमारत धाकटीनेच सुचवली होती, कारण तिथे निवृत्त माणसं पुष्कळ आणि तिसऱ्या मजल्यावर तिचे वडील एकटे राहतात. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. पस्तीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दोरीच्या टोकाची पिन या भोकातून काढून त्या भोकात घालायची आणि दोन माणसं जोडून द्यायची, हे काम. त्या नोकरीचा एक नियम होता. ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. अप्पांनी तो इतका पाळला, की घरी बायकोने हाक मारली तरी आधी त्यांना वाटायचं, हे आपल्यासाठी नसावं. ती चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलतं.

मी चाळीसही कानांत होते, पण माझा जीव अप्पांच्या कानात जास्त. धाकटीने बटण त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं, कान त्यांच्या कानात बसवला, "आता सगळं ऐकू येईल हं," म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून गेली. बटणासमोर बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून बटण गप्प राहिलं. आपलं बटण गप्प असलं की कान दुसरं कुठलं उघडता येतंय का ते बघतो. माझ्याकडे घरच्या फोन नंबराची किल्ली होती आणि ती सगळ्या बटणांना लागत होती.

"या घरात मिठाला कुणी वालीच नाही का?" अप्पांच्या कानात एक बाई म्हणाल्या.

अप्पांनी मागे वळून बघितलं. मग छताकडे बघितलं. आवाज चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा होता. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, त्यामुळे घरातही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायच्या. अप्पा क्षणात समजले. त्यांनी कान काढला, डबीत ठेवला आणि डबी कपाटात. लाइन चुकीची जोडली गेली की पिन काढायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी कपाटातून टेबलावर आणली. तिसऱ्या दिवशी 'यंत्र वापरलं नाही तर बिघडतं' असं मोठ्याने म्हणून त्यांनी कान घातला. चौथ्या दिवसापासून ते दाढी करून, बरा सदरा घालून, कान घालून खुर्चीत बसू लागले. सकाळी मास्तरीणबाई सुनेला शिकवायच्या आणि सून त्यांना. दुपारी पहिल्या मजल्यावरचे कोणी आजोबा पेपरातली बातमी वाचून तिच्याशी भांडायचे. संध्याकाळी तळमजल्यावरचे शिंपीकाका. शिंपीकाकाही एकटेच. ते आपल्या शिलाई मशीनशी बोलायचे. मुलगा कसा होता, आता येत का नाही, आपलं काय चुकलं असेल, हे सगळं ते मशीनला सांगायचे. त्या वेळी अप्पा पाय खाली घेऊन नीट बसायचे, समोर माणूस बसल्यासारखे.

आता मजा बघा. जे अप्पांचं तेच बाकी एकोणचाळीस जणांचं. आपलं घर गप्प झालं की प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकू येई. प्रत्येकाला वाटे, हे फक्त आपल्यालाच येतंय. म्हणून कुणी कुणाला बोललं नाही. सगळेच साव. कुणी घरात "साखर संपली" म्हणालं, की दहा मिनिटांत तीन वाट्या साखर दाराशी. शिंपीकाका चष्मा शोधायला लागले, की पाचव्या मजल्यावरून कुणीतरी सहज उतरायचं आणि सहज म्हणायचं, "मशीनच्या खालच्या खणात बघा, माणसं तिथेच ठेवतात." लिफ्टमध्ये लोक एकमेकांच्या पोटाची विचारपूस करू लागले.

इमारत सुखात होती. मी मात्र शरमेने अर्धी झाले होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दर शब्दाला मी सगळे सोपस्कार करून, चौदा वेढे देऊन कुलूप लावायचे, आणि ते कुलूप चाळीस जण एकाच किल्लीने उघडायचे. भिंतींना कान असतात म्हणतात. इथे कानांना भिंतीच उरल्या नव्हत्या. मी ओरडून सांगू शकत नव्हते, कारण मला स्वतःचा आवाज नाही. मी दुसऱ्याचेच शब्द इकडून तिकडे नेते.

धाकटी दर रविवारी यायची. तिसऱ्या रविवारी अप्पा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. धाकटीने टेबलापाशी बसून दुसऱ्या गावी राहणाऱ्या थोरल्या भावाला, दादाला फोन लावला. बटण तिच्या कोपराशीच होतं. दुपारची वेळ, घरोघरी सामसूम, त्यामुळे इमारतीतले सगळे कान मोकळे होते.

"दादा, त्यांना आता एकटं ठेवणं खरं नाही," ती म्हणाली. "गेल्या रविवारी लिफ्टमध्ये मास्तरीणबाईंना विचारत होते, सुनेचा खोकला गेला का म्हणून. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. घरात एकटेच हसतात. पेपरातल्या बातमीवर 'बरोबर आहे तुमचं' म्हणतात, आणि हातात पेपर नसतो. भास होतायत त्यांना. ती वृद्धांची संस्था आहे ना गावाबाहेर, तिथे मी उद्या जाऊन येते."

नेमकं त्या वेळी मी ठरल्याप्रमाणे काम केलं. अप्पांच्या घरात बोललेलं अप्पांच्याच कानात पोहोचवलं. झारीतलं पाणी कुंडी भरून खालच्या गॅलरीत पडू लागलं तरी ते हलले नाहीत. खरं काय ते सांगावं, तर आपण लोकांचं ऐकतो हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर आपल्याला वेड लागलंय असं ठरणार. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता.

दहा मिनिटांत दाराची घंटा वाजली. दारात सात जण. पुढे मास्तरीणबाई, मागे शिंपीकाका, त्यांच्यामागे कुणाकुणाच्या टोप्या आणि टकलं.

"अप्पांना भासबिस काही होत नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि कुठल्या संस्थेत न्यायचं नाही. आम्ही आहोत इथे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" धाकटीने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"असंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वाटलं."

"मलाही वाटलं," शिंपीकाका म्हणाले.

"आणि सुनेला खोकला खरंच होता," मागून कुणीतरी म्हणालं.

धाकटी त्यांच्या तोंडांकडे बघत होती. मग ती त्यांच्या कानांकडे बघू लागली. सातही कानांत वालाचा एकेक दाणा. तिने टेबलावरचं बटण उचललं, पाठ फिरवली, बटण ओठांशी नेलं आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "साखर."

सात जणांनी एकदम माना वर केल्या. एक आजी तर घरी जायला वळल्यासुद्धा.

धाकटी खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांसमोर ती ओळ आली असणार, कारण ती स्वतःशीच म्हणाली, "सोमवारी बदलणे." मग तिने गॅलरीत जाऊन अप्पांना मिठी मारली आणि रडली. ज्या खुणा बघून ती बापाला संस्थेत टाकायला निघाली होती, त्या खुणा तिनेच पाच ओळींत लिहिल्या होत्या. अप्पा तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. पण ते म्हणाले ते वेगळंच.

"दुरुस्त करायलाच पाहिजे का गं?"

"अप्पा, लोकांची घरं उघडी पडलीत."

"मला ठाऊक आहे. पण दुरुस्त केल्यावर माझ्या कानात काय येणार? घड्याळ."

मी पहिल्यांदाच माझ्या धर्माबद्दल साशंक झाले.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं. साहेब आधी घाबरले, मग त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "याला आपण 'सामाजिक श्रवण' नाव देऊ. लोक आवडीने घेतील." धाकटीने त्यांना शांतपणे विचारलं, तुमच्या घरच्या टेबलावर एक बटण ठेवू का. विषय तिथेच संपला.

संध्याकाळी तिने सगळ्यांना इमारतीच्या जिन्याखाली जमवून खरं ते सांगितलं आणि माफी मागितली. बहुतेक सगळ्यांनी आश्चर्य व्यक्त केलं. आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही, असं त्यांनी सांगितलं, काहींनी दोनदा. फक्त शिंपीकाका हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी संध्याकाळी जे बोलतो, तेही?"

सगळे जिन्याच्या पायऱ्या बघू लागले. शिंपीकाका मान खाली घालून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दाराकडे अप्पा बराच वेळ बघत होते.

"धाकटे," ते म्हणाले, "पिन काढ. पस्तीस वर्षं जे केलं नाही ते मी तीन आठवड्यांत केलं. चुकीची लाइन म्हणजे चुकीचीच. काढून टाक."

आता खरा आकडा आणायचा कुठून? धाकटी दोन दिवस पुस्तकं चाळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अहो, बटण म्हणजे ऐकणारंच यंत्र. घरातल्या गोंगाटाचे बारीक चढउतार कुठल्याही दोन घरांत सारखे नसतात. भांडं पडतं, दार आपटतं, कुणी मध्येच शिंकतं. तो गोंगाट गोळा करायचा, मला द्यायचा, मी त्यातून किल्ली बनवायची. ज्याचं घर त्याची किल्ली. मला हे इतकं आवडलं, की मी या वेळी रांगेत दोनदा आनंदाने उभी राहिले. दुधाने तोंड पोळलेली धाकटी आता ताकही फुंकून पीत होती. पुरेसा आणि वेगवेगळा आवाज मिळाल्याखेरीज किल्ली बनवायचीच नाही, अशी सक्त ताकीद तिने घालून ठेवली. आणि किल्ली जुनी होऊ नये म्हणून दर रविवारी ती नव्याने बनवायची, असंही लिहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी सगळे कान पुन्हा सुरू झाले. मास्तरीणबाईंची किल्ली अकरा सेकंदांत झाली. पेपरवाल्या आजोबांची वीस. शिंपीकाकांनी मुकाट्याने मशीन चालवलं, त्यांचीही झाली. एकोणचाळीस कान लागले. अप्पांचा लागेना.

"थोडा वेळ थांबा," कान म्हणाला. कानात आधी भरून ठेवलेलं ते एक वाक्य आहे. अप्पा थांबले. घड्याळाची टिकटिक सुरू होती, पण एका चालीचा आवाज धाकटीची ताकीद मोजत नव्हती. अप्पांनी चहा केला, तो त्यांच्या सवयीने आवाज न करता केला. "थोडा वेळ थांबा," कान म्हणाला. दुपारी धाकटी आली तेव्हाही तो तेच म्हणत होता. किल्ली बनवायला लागतो तेवढा आवाजच त्या घरात नव्हता.

धाकटी बटणासमोर बसून बोलू लागली. अप्पांना कानाशिवाय ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती एकटीच बोलत होती. बस वेळेवर आली. साहेब बरे आहेत. दादाचा फोन येईल. दोन मिनिटांत बोलण्यासारखं संपलं. किल्ली पावही झाली नव्हती.

मग तिने संगणक उघडला. ताकीद सैल करायला एक ओळ पुरे होती. तिची बोटं आपोआप वर गेली आणि तिने लिहिलं, 'तात्पु'. माझे सगळे एकोणीस जण श्वास धरून बसले. अप्पांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिही की. एवढं काय त्यात. मी कुणाला सांगणार आहे?"

तिने ती अक्षरं एकेक करून पुसली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. खण उघडल्याचा आवाज आला. एका ताटलीवर चमचा एकदा वाजला, फक्त एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग चमचा परत खणात ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं, आणि तिची पावलं जिन्याने चौथ्या मजल्याकडे गेली.

पाच मिनिटांत घर भरलं. मास्तरीणबाई सुनेला घेऊन आल्या आणि येताना जिन्यात सुरू केलेलं भांडण मध्ये तोडावं लागू नये म्हणून तसंच आत घेऊन आल्या. पेपरवाल्या आजोबांनी पेपर आणला. कुणी डबे आणले, कुणी नातू आणला, त्याच्या हाती लाटणं दिलं. सगळ्यात शेवटी शिंपीकाका आले, दोघांच्या मदतीने शिलाई मशीन उचलून. त्यांनी ते बटणाशेजारी ठेवलं, अप्पांकडे बघितलं आणि म्हणाले, "आता समोर बसूनच सांगतो. ते बरं."

अप्पांना काही ऐकू आलं नाही, पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "मागे हा कसला गोंधळ?" त्याने विचारलं.

"अप्पांची किल्ली बनतेय," धाकटी म्हणाली. "संस्थेचं राहू दे आता."

मी आयुष्यात बनवलेली ती सगळ्यात भक्कम किल्ली आहे. जगातल्या सगळ्या चोरांनी डोकी एकत्र केली, तरी त्या घरात त्या वेळी कोण काय बोललं हे त्यांना जुळवता येणार नाही. तिथल्या माणसांनाही यायचं नाही, कारण कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. अप्पांच्या कानात पहिला शब्द पोहोचला तो शिंपीकाकांच्या मशीनच्या घरघरीतून, आणि तो होता, "तर मुलगा माझा..."

तेव्हापासून दर रविवारी किल्ली नव्याने बनते आणि दर रविवारी अप्पांच्या घरी माणसं जमतात. येताना काहीतरी वाजणारं आणतात, जाताना काहीतरी विसरतात, म्हणून सोमवारी परत येतात. त्या रविवारच्या ओळीशेजारी धाकटीने नंतर काय लिहून ठेवलंय ते मी वाचलं आहे. 'कायमचं. बदलू नये.' मी आता जुनी झाले. माझ्याहून सडपातळ आणि हुशार लायब्रऱ्या आल्यात, आणि एक दिवस लिंकर मला दोन्ही ठिकाणांहून वगळेल. त्याबद्दल तक्रार नाही.

एकच विनंती आहे. किल्लीला चाळीस माणसं लागत नाहीत. अप्पांनी एकट्याने एक चमचा ताटलीवर वेडावाकडा वाजवला, तरी दहा मिनिटांत ती तयार होईल. हे धाकटीला ठाऊक आहे, तो चमचा मी ऐकला आहे. परवा रविवारी, माणसं यायच्या आधी, अप्पांनीही खण उघडला होता. त्यांनी चमचा काढला, एकदा वाजवून बघितला, आणि हळूच परत ठेवून दार उघडायला गेले. मी गुपित राखणारी आहे, आणि माझ्याकडे सोपवलेलं एकच गुपित मी आजवर मनापासून राखलं आहे. तुम्हाला सांगितलं खरं, पण तुम्ही त्या इमारतीत कुणाला सांगू नका.